माल हलला नाही

९ जानेवारी

दादा,

तू बरा आहेस असं धरून चालते. सहा वर्षांत तू बरा नसल्याची बातमी आलेली नाही, आणि बरा असल्याचीही नाही. पत्र अशासाठी लिहिते आहे की फोनवर आपलं दुसऱ्या मिनिटाला भांडण होतं. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही. हा फायदा मी इतकी वर्षं घेतला नाही, हा माझाच गाढवपणा.

मला काम मिळालं. दुसऱ्याच्या शूटिंगला दिवे धरायचं काम नव्हे, माझं स्वतःचं. आईच्या यार्डावर नव्याने लागणाऱ्या लोकांना दाखवायला वीस मिनिटांची फिल्म हवी आहे. पोलादी पत्र्याची गुंडाळी क्रेनने कशी उचलतात, खाली कुणी कुठे उभं राहायचं आणि कुठे अजिबात नाही, असं सगळं. आम्ही तिघं गेलो होतो. बाकीचे दोघे व्हॅन भरून सामान घेऊन आले, मी बसने गेले, आणि काम मला मिळालं. आईने शब्द टाकला म्हणून नव्हे, हे आधी डोक्यात घे. ती उलट मॅनेजरना म्हणाली होती, "पोरगी माझी आहे म्हणून देणार असाल तर देऊ नका." एकदा तुझ्यासाठी शब्द टाकला, तुला शिकाऊ म्हणून क्रेनच्या केबिनमध्ये बसवलं, आणि तू किल्ली टेबलावर ठेवून कॅमेऱ्यामागे निघून गेलास. ते ती विसरलेली नाही. तुझं नाव अजून घेत नाही. अगदीच वेळ आली तर "तो फोटोवाला" म्हणते.

आता मुद्द्याचं. पैसे बेताचे होते, म्हणून निवड डोकं लावून केली. दुकानदार मला नवाकोरा कॅमेरा दाखवत होता. त्याच्या अंगातच हात सावरायची सोय, पडद्यावर बोट लावलं की फोकस, आणि वर चेहरे ओळखतो म्हणे. मी म्हटलं, मला क्रेन काढायची आहे, तिला चेहरा नाही. मी जुना, दोन पिढ्या मागचा कॅमेरा घेतला. पट्टा झिजलेला आहे, एका कोपऱ्यावर पोचा आहे, पण चित्र स्वच्छ येतं. उरलेले पैसे लेन्समध्ये घातले. एक लहानशी, झूम नसलेली, शेडमधल्या अंधुक उजेडात उपयोगी पडणारी. आणि एक लांब पल्ल्याची झूम, जिच्या आतच थरथर जिरवणारं यंत्र आहे. बाजूला एक बटण असतं, चालू-बंद करायचं. कॅमेरा बदलता येतो, चांगली लेन्स जन्मभर राहते, हे तूच कधीतरी म्हणाला होतास. बघ, मी तुझं सगळंच काही टाकून दिलेलं नाही.

कॅमेरा तरंगत ठेवणारा तो गिंबल मात्र घेतला नाही. एक दिवस भाड्याने आणून पाहिला. त्यातून घेतलेलं यार्ड असं दिसतं, जणू सगळे कामगार पाण्यावर चालताहेत. त्यापेक्षा जुना लोखंडी ट्रायपॉड घेतला. उचलताना जीव जातो, पण वाऱ्याला दाद देत नाही. चालत घ्यायच्या शॉटसाठी मी चालायला शिकले. गुडघे किंचित वाकवून, टाच आधी टेकवून, काठोकाठ भरलेलं पातेलं घेऊन घरातल्या बोळातून दिवसभर फेऱ्या मारत होते. आई दारात उभी राहून बघत होती.

"सांडायची स्पर्धा आहे का?"

"चालायला शिकतेय."

"पाण्याला हातानं दाबतेस तू. ते पुढं गेलं की तूही तेवढंच पुढं जा. त्याच्यासोबत राहा, मग ते गप बसतं."

क्रेनवर ती हेच करते, दादा. आठ टनांची गुंडाळी दोराला लटकलेली असते. ती पुढे झोका घेते, तशी आई दोर टांगलेली वरची गाडी बरोब्बर तेवढीच तिच्या डोक्यावर नेऊन उभी करते आणि झोका मरतो. एकतीस वर्षांत तिच्या मालाने कुणाच्या टोपीलाही स्पर्श केलेला नाही. मार्चअखेर ती निवृत्त होते आहे. त्याआधी तिचं काम माझ्या फिल्ममध्ये येणार, म्हणून माझी छाती फुगली आहे. जळत असशील तर जळ.

तुझी,
शेपूट

(हे नाव तूच ठेवलंस, आता तूच निस्तर.)


२ फेब्रुवारी

दादा,

उत्तर आलं नाही. यायची अपेक्षा नव्हती, तरी पोस्टमनशी माझी चांगली ओळख झाली आहे.

शूटिंग जवळपास संपलं. एक शॉट मात्र तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. गोदामाच्या पलीकडे, काँक्रीटच्या ओट्यावर ट्रायपॉड रोवला, खाली वाळूची पिशवी टांगली, लांबची लेन्स लावली आणि झूम शेवटपर्यंत ताणली. चौकटीत फक्त गुंडाळी आणि मागे निरभ्र आकाश. आई ती उचलते आहे, आणि ती वर वर जाते आहे. सुरुवातीला, कॅमेरा मालाबरोबर वर वळण्याआधी, डाव्या बाजूला गोदामाच्या छपराचा गंजका कोपरा येत होता, घाण दिसत होता. म्हणून सुरुवातीचा तेवढा तुकडा छाटून टाकला. उरले चाळीस सेकंद. शेवटी मनासारखं काहीतरी जमलं. ते मॅनेजरच्या खोलीत मोठ्या पडद्यावर लावलं तेव्हा सगळे गप्प झाले होते.

आई बरी आहे. सध्या जमिनीवरच असते. तिच्या गुडघ्यांना तेवढीच विश्रांती.

५ फेब्रुवारी

पत्र टाकलं नव्हतं, बरं झालं. खरं सांगते.

ते सगळे गप्प झाले, ते कौतुकाने नव्हे. त्यांच्यात सुरक्षा अधिकारी होते. गळ्यात कायम शिट्टी असते म्हणून यार्डभर त्यांना शिट्टीसाहेबच म्हणतात. माणूस वाईट नाही, पण नियम म्हणजे नियम. त्यांनी शॉट पुन्हा लावायला सांगितला, मग पुन्हा. म्हणाले, "माल हलतोय." मी पाहिलं, तर खरंच हलत होता. हळूहळू डावीकडे, मग थांबून उजवीकडे, आळसावल्यासारखा. शूटिंगच्या वेळी कॅमेऱ्याच्या टीचभर पडद्यात मला काही दिसलं नव्हतं. मोठ्या पडद्यावर लपण्यासारखं काही नव्हतं. वर जाणारा माल असा झुलणं म्हणजे काय, हे शिट्टीसाहेबांनी मॅनेजरना समजावून सांगितलं, माझ्यासमोर. क्रेन चालवणाऱ्याची नजर गेली, किंवा हात गेला.

दुसऱ्या दिवशी आईला केबिनमधून उतरवलं. चौकशी होईपर्यंत सामानखोलीत बसवलं आहे, हातमोजे आणि हेल्मेटं वाटायला. ती एवढंच म्हणाली, "माल हलला नाही." त्यांनाही तेच म्हणाली, घरी आल्यावर मलाही तेच. आरडाओरडा नाही, रडणं नाही. जेवली, भांडी घासली आणि झोपली.

तिला काय हवं आहे, ते मला ठाऊक आहे. तिला सत्कार नको, घड्याळ नको. शेवटच्या दिवशी शेवटचा माल ठेवून आपल्या शिडीने स्वतः खाली उतरायचं, एवढंच. आता ती सामानखोलीच्या दारातून निवृत्त होणार, एकतीस वर्षांच्या शेवटी "हात गेला होता" असा शेरा घेऊन. आणि तो शेरा माझ्या शॉटमुळे.

मी काही बोलले नाही. काय बोलणार होते?

सोबत तो शॉट एका छोट्या मेमरी कार्डवर घालून पाठवते आहे. तुला कामातलं कळतं, म्हणून. सल्ला मागत नाहीये.

शेपूट


१९ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र मिळालं. सहा वर्षांनी पहिलं, आणि त्यात अर्धं पान. "कशी आहेस" नाही, "आई कशी आहे" नाही. नुसतं: ट्रायपॉडवर असताना लेन्सचं बटण चालू होतं का, आणि शॉटच्या आधीचा भाग आहे का.

मी इतकी भडकले की पत्र चुरगाळून टाकलं. म्हटलं, आईची नोकरी चालली आहे आणि याला बटणाची पडली आहे. मग ते पत्र पुन्हा उचलून सरळ केलं आणि वाचलं, कारण तू मूर्ख असलास तरी कॅमेऱ्याच्या बाबतीत नाहीस.

आज सकाळी लेन्स काढून पाहिली. बटण चालू होतं. मी ते कधी बंदच केलं नव्हतं, दादा. हातात कॅमेरा धरून केबिनच्या शिडीचा शॉट घेतला होता, तेव्हा चालू केलं होतं, आणि तसंच ट्रायपॉडवर चढवलं. समोरच्या इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आकाशाच्या पार्श्वभूमीवर धरली आणि बसून राहिले. थोड्या वेळाने टाकी हलायला लागली. हळूहळू डावीकडे, मग थांबून उजवीकडे. आळसावल्यासारखी. बटण बंद केलं, टाकी जागच्या जागी. चालू केलं, पुन्हा तेच. लेन्सच्या आतलं यंत्र हाताची थरथर शोधत बसतं. ट्रायपॉडवर थरथर नसली, तर ते स्वतःच भरकटतं आणि सगळं चित्र घेऊन फिरतं. तुला हे माहीत होतं. मला नव्हतं, आणि मी तुला पानभर शहाणपणा शिकवला होता.

मग मूळ कार्ड काढलं. छाटलेली सुरुवात त्यात शाबूत आहे. त्यात गोदामाच्या छपराचा कोपरा दिसतो, आणि तो कोपराही गुंडाळीबरोबर डोलतो आहे. दोन्ही एकाच वेळी, एकाच बाजूला. छप्पर काही क्रेनला टांगलेलं नाही. त्या घाणेरड्या कोपऱ्याने सगळं सांगितलं असतं, आणि मी तो शॉट देखणा व्हावा म्हणून कापला.

आता एक गोष्ट, जी मागच्या पत्रात लपवली. मी लिहिलं की मी काही बोलले नाही. बोलले होते. आई घरी येऊन "माल हलला नाही" म्हणाली, तेव्हा मी म्हणाले, "आई, दिसतंय ना पडद्यावर. वय होतं, त्यात लाजायचं काय?" तिने माझ्याकडे पाहिलं. नंतर ती भांडी घासायला गेली. बाकी सगळ्यांनी तिच्यावर शंका घेतली ती नाइलाजाने, मी घेतली ती प्रेमाने, आणि तीच तिला जास्त लागली असणार. एकतीस वर्षांच्या हातापेक्षा दुकानातून आणलेल्या काचेवर मी जास्त विश्वास ठेवला. याची मला लाज वाटते. इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर पलटी मारता येणार नाही.

उद्या यार्डावर जाणार. तिथे हे सांगितलं की माझं काम जाणार, हे उघड आहे. जिला बटण कळत नाही तिला फिल्म कोण देईल? आज दुपारपर्यंत मी मनाला सांगत होते की चौकशीत आईला आपोआप न्याय मिळेल, मी मध्ये कशाला पडू. असा विचार मी दुपारभर केला, हेही लिहून ठेवते.

शेपूट


२७ फेब्रुवारी

दादा,

खाली बस, मग वाच.

मी मॅनेजरना म्हटलं, सगळ्यांसमोर दाखवायचं आहे, आईसमोरही. त्याच ओट्यावर तोच ट्रायपॉड, तीच वाळूची पिशवी, तीच लेन्स. लांब केबल टाकून चित्र थेट खोलीतल्या पडद्यावर नेलं. यार्डाच्या पाण्याच्या टाकीवर लेन्स रोखली, बटण चालू ठेवलं आणि आत येऊन उभी राहिले. मॅनेजर, शिट्टीसाहेब, खालून क्रेनला झेंडा दाखवणारे काका, आणि मागच्या खुर्चीवर आई. हातमोजे वाटपाची वही मांडीवर.

पहिलं अर्धं मिनिट टाकी अगदी स्थिर. शिट्टीसाहेब घड्याळ बघायला लागले. मनात म्हटलं, घरासमोरची हलली ना ग बाई, मग तुलाच कशाला सभ्यपणा.

आणि मग ती हलली. झेंडावाले काका पुढे वाकले.

"टाकी हलतेय?" मॅनेजर म्हणाले.

"हो सर," मी म्हटलं. "तिलाही सामानखोलीत बसवा."

हे बोलायला नको होतं, पण बोलले. कुणी हसलं नाही, फक्त काकांना ठसका लागला. मी बाहेर पळत जाऊन बटण बंद केलं, परत आले, टाकी गप्प उभी. मग मूळ कार्ड लावलं, छपराच्या कोपऱ्यासकट. शिट्टीसाहेब उठून पडद्यापाशी गेले. एक बोट कोपऱ्यावर ठेवलं, एक गुंडाळीवर, आणि संपूर्ण तुकडा तसा पाहिला. बोटांमधलं आडवं अंतर केसभरही बदललं नाही. माणूस नियमाचा असला की त्याचा हा फायदा. ते वळले आणि थेट आईला म्हणाले, "बाई, माल हलला नव्हता."

आई म्हणाली, "मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."

मी सगळं सांगितलं. चूक माझी, बटण माझं, कापलं मी, आणि मला हे माहीत नव्हतं. आवाज चांगला राहिला. मॅनेजर भला माणूस आहे, म्हणून त्यांनी तोंडावर सांगितलं. फिल्म आता त्या व्हॅनवाल्यांपैकी एकाला जाणार. मी घेतलेलं वापरणार नाहीत. मी म्हटलं, बरोबर आहे.

आईचा शेरा पुसला. सोमवारपासून ती परत केबिनमध्ये आहे.

घरी येताना बसमध्ये तिने माझ्या पिशवीकडे हात केला. मग म्हणाली, "दाखव." मी पिशवीतून लेन्स काढली. तिने चष्मा लावून ते एवढंसं बटण नखाने पुढेमागे केलं, चार-पाच वेळा.

"एवढ्याशानं?"

"हो."

"काम गेलं ना तुझं?"

"गेलं."

"जाऊ दे. माझ्याबरोबर एकतीस वर्षांत किती जणांनी काम केलं, किती जणांनी किती मोडलं. आपण होऊन येऊन सांगणारे मी दोन पाहिले. आज तिसरी." मग लेन्स माझ्या हातात देत म्हणाली, "त्या दिवशी वय झालं म्हणालीस, ते मात्र मी विसरले नाही हं."

मी माफी मागितली, बसमध्ये, सगळ्यांदेखत. तिने खिडकीबाहेर बघत मान हलवली. दादा, माझं काम गेलं आणि मी घरी येताना राणीसारखी बसले होते. हे तुला कळेल की नाही, माहीत नाही.

तू विचारलं नसतंस तर हे झालं नसतं. आभार मानत नाही, डोक्यावर बसशील.

शेपूट


१ एप्रिल

दादा,

काल आई निवृत्त झाली.

आठवडाभर आधी झेंडावाले काका घरी आले होते. क्रेनवरच्या आणि खालच्या सगळ्यांच्या वतीने म्हणाले, "बाईंचा शेवटचा दिवस आमच्यासाठी काढशील का? कंपनीचा काही संबंध नाही. आमच्याकडे असावा म्हणून." मला बटण कळत नाही हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी माझ्याकडेच आले. मी हो म्हणायला क्षणही घेतला नाही.

या वेळी ट्रायपॉड नेला नाही. लांबची लेन्सही नाही. लहान लेन्स लावली, म्हणजे जवळ जावंच लागतं. जिच्यापुढे उभं राहायचं नाही त्या पिवळ्या रेषेपर्यंत गेले आणि कॅमेरा हातात धरला. आवाजासाठी काकांच्या खिशात एक छोटा माइक ठेवला. त्यात त्यांच्या किल्ल्यांचा खुळखुळाट फार आला आहे, पण वॉकीटॉकीवर आईशी बोलताना ते "या, या, या, बस" म्हणतात, ते स्वच्छ आलं आहे.

शेवटची गुंडाळी तिने उचलली, यार्डभर नेली आणि ट्रकवर ठेवली. ठेवली म्हणजे कशी, तर ट्रक खाली बसला हे टायरकडे बघून कळलं, आवाजावरून नाही. मग क्रेनचं इंजिन बंद झालं. ती शिडीवरून उतरायला लागली. एकेक पायरी, तोंड शिडीकडे, दोन्ही हात दांड्यांवर, जसं नव्या माणसाला शिकवतात तसं. खाली शंभरेक माणसं उभी होती, आणि कुणी टाळी वाजवली नाही. ती घाईने उतरू नये म्हणून. जमिनीला पाय लागल्यावर मग वाजवल्या. शिट्टीसाहेबांनी शिट्टी वाजवली.

आज सकाळी तिला ते दाखवलं. मुद्दाम काही कापलं नाही, गंज, कचरा, कुणाची पाठ, सगळं ठेवलं. ती चहा घेत बघत होती. उतरण्याचा भाग आला तशी तिने कप खाली ठेवला आणि चष्मा वर केला.

"हे हलतंय," ती म्हणाली.

"मी हलत होते, आई. रडत होते मी. तू नाही हललीस."

तिने पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा पाहताना तिने बोट पडद्यावर ठेवलं, शिट्टीसाहेबांसारखं, एक क्रेनच्या खांबावर आणि एक स्वतःवर. शेवटपर्यंत तसंच धरून बसली. मग म्हणाली, "चांगलं घेतलंयस." दादा, ती चांगलं म्हणाली. तुला माहीत आहे, ती जेवणालासुद्धा "बरं" म्हणते.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "त्या बटणाचं तुला कुणी सांगितलं होतं?"

मी आजवर तिला सांगितलं नव्हतं. तिने विचारलं नव्हतं आणि मी घाबरत होते. आज सांगितलं. ती उठून कप धुवायला गेली. नळ बराच वेळ चालू होता. परत आली ती हात पुसत.

"हे त्याला पाठवणार आहेस का?"

"पाठवू?"

"कामातल्या माणसाला कामातलं दाखवावं," ती म्हणाली. "पाकीट इकडं आण."

कार्ड सोबत आहे. पाकिटावरचं अक्षर माझं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. तुझं पूर्ण नाव लिहायला तिला थोडा वेळ लागला. वर काही खोडलेलं नाही.

शेपूट